गिऱ्हाईक कुठे आहे, हे कोणाला किती कळावं? : मोबाईल लोकेशन आणि डिजिटल मार्केटिंग

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



आज समोर दोन प्रकारचे श्रोते बसले आहेत. काही जण व्यवसाय करणारे आहेत. दुकान आहे, क्लास आहे, दवाखाना आहे, आणि फेसबुक-गुगलवर जाहिरात करताना लोकेशनचा उपयोग कसा करायचा हे त्यांना हवंय. बाकीचे आपण सगळे फोन वापरणारे. आपल्याला प्रश्न असा पडतो की या फोनला माझ्याबद्दल एवढं कळतं तरी कसं? मी दोघांशी एकदमच बोलणार आहे. कारण माझं म्हणणं असं आहे की या दोघांचं हित वाटतं तितकं एकमेकांच्या विरुद्ध नाही.

लोकेशन मार्केटिंग या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम म्हणजे एखाद्या जागेला जाहिरात दाखवणं. या चौकाच्या आसपास आत्ता जे कोणी आहेत, त्यांना माझ्या दुकानाची माहिती दिसू दे. दुसरं काम म्हणजे एखाद्या माणसाचा माग ठेवणं. हा फोन सकाळी कुठे होता, दुपारी कुठे गेला, रात्री कुठे थांबला. दुकानदाराला बहुतेक वेळा पहिलं पुरतं. बाजारात मात्र दुसरं विकलं जातं. हा फरक आज समजून घेऊ.

फोनला जागा कळते कशी?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटतं की उपग्रह आपल्याला बघत असतो. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरत असतात. आकाशवाणीसारखं समजा. आपला फोन ते ऐकतो, उपग्रहाला उलट काहीच पाठवत नाही. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की कोणता संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन स्वतःची जागा काढतो. उघड्या आकाशाखाली ही जागा साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर येते. जुन्या पेठेत, उंच इमारतींच्या मधे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि चूक वाढते.

दुसरा मार्ग मोबाईल टॉवरचा. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथे काही शे मीटरचा अंदाज येतो. खेड्यात तोच अंदाज काही किलोमीटरचा होतो.

तिसरा मार्ग वायफायचा, आणि हा लोकांना सहसा माहीत नसतो. प्रत्येक वायफाय राउटर स्वतःचा एक क्रमांक सतत जाहीर करत असतो. कोणता राउटर कोणत्या जागी आहे याच्या प्रचंड याद्या मोठ्या कंपन्यांकडे आहेत. तुम्ही त्या वायफायला जोडलेले नसलात तरी फोनला आजूबाजूचे राउटर दिसतात, आणि यादीशी ताडून जागा कळते. इमारतीच्या आत जीपीएसपेक्षा हेच जास्त कामाला येतं.

चौथा मार्ग आयपी पत्त्याचा. हा सगळ्यांत ढोबळ. त्यावरून फार तर शहर कळतं, आणि मोबाईल इंटरनेटवर तर अनेकदा तेही चुकतं. कोल्हापुरात बसलेला माणूस मुंबईत दिसू शकतो.

आता जाहिरातदारासाठी महत्त्वाची गोष्ट. हे चारही मार्ग शेवटी एकाच रूपात समोर येतात, अक्षांश आणि रेखांश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर दोन आकडे असले तर अचूकता एक किलोमीटरच्या आसपास, तीन असले तर ११० मीटर, पाच असले तर एक मीटर. पण संगणकाला पाच आकडे लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाजसुद्धा तो पाच आकड्यांत लिहून मोकळा होतो. आकडा दिसायला अगदी नेमका, आतमध्ये मात्र अख्खं शहर.

याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅन्सस राज्यात पॉटविन नावाचं छोटं गाव आहे, त्याच्याजवळ एक शेतघर. आयपी पत्त्यांवरून जागा सांगणाऱ्या एका कंपनीनं, 'अमेरिकेत आहे, पण नेमकं कुठे ते माहीत नाही' अशा सगळ्या पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू देऊन टाकला होता. तो बिंदू या शेतात पडत होता. ६० कोटींहून जास्त आयपी पत्ते त्या एका शेतावर दाखवले जात होते. परिणाम काय? फसवणूक झालेले लोक आणि पोलीस वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत राहिले. घरच्यांचा काहीही दोष नसताना. २०१६ मध्ये हे प्रकरण उघड झालं. म्हणून लोकेशनचा आकडा दिसला की पहिला प्रश्न विचारायचा : हा आला कुठून?

तो आकडा जाहिरातदारापर्यंत पोचतो कसा?

सरळ रस्ता असा की तुम्ही एखाद्या अ‍ॅपला परवानगी देता, आणि ते अ‍ॅप स्वतःच्या कामासाठी जागा वापरतं. रिक्षा बोलवायची तर जागा सांगावीच लागते. यात वावगं काही नाही.

आडरस्ता वेगळा आहे. अनेक फुकट अ‍ॅपमध्ये जाहिरात कंपन्यांनी दिलेला तयार कोड बसवलेला असतो. तुम्ही अ‍ॅप उघडलं की पडद्यावरच्या रिकाम्या जागेचा लिलाव होतो. साधारण एका सेकंदाच्या दहाव्या भागात. या लिलावाच्या हाळीत काय काय असतं? फोनचं मॉडेल, अ‍ॅपचं नाव, फोनचा जाहिरात क्रमांक, आणि असेल तर अक्षांश-रेखांश. हाळीच्या ठरलेल्या नमुन्यात ही जागा जीपीएसवरून आली, आयपीवरून आली की वापरणाऱ्यानं स्वतः सांगितली हे नोंदवायचीही सोय आहे.

आता आपल्या बाजार समितीतला लिलाव आठवा. बोली एकाचीच लागते, पण माल सगळे व्यापारी बघतात. इथेही तसंच. जाहिरात एकाची लागते, पण तुमची जागा बोली लावायला आलेल्या सगळ्यांना दिसते. हरलेल्यांनाही. त्यातल्या कोणी ती साठवून ठेवली, तर तुम्हाला ते कळायचा मार्ग नाही.

जागेला जाहिरात : चांगली बाजू

शेताला आपण कुंपण घालतो, तसं नकाशावर एका जागेभोवती आभासी कुंपण घालता येतं. फोन त्या कुंपणाच्या आत आला की काहीतरी घडवायचं. याला जिओफेन्सिंग म्हणतात.

डिसेंबर २०१८ मध्ये बर्गर किंगनं अमेरिकेत याचा मोठा गमतीदार उपयोग केला. त्यांनी कुंपण घातलं ते स्वतःच्या दुकानांभोवती नव्हे, मॅकडोनाल्ड्सच्या भोवती! अशी दुकानं १४,००० च्या वर होती. त्यातल्या कुठल्याही दुकानापासून ६०० फुटांच्या आत जाऊन बर्गर किंगचं अ‍ॅप उघडायचं, म्हणजे व्हॉपर बर्गर एका सेंटला मिळायचा. ऑर्डर दिली की अ‍ॅप जवळच्या बर्गर किंगचा रस्ता दाखवायचं. नऊ दिवसांच्या या मोहिमेत ते अ‍ॅप दहा लाखांहून अधिक वेळा उतरवलं गेलं, आणि २०१९ मध्ये कान्सच्या जाहिरात महोत्सवात तिला सर्वोच्च पारितोषिकं मिळाली.

या मोहिमेत कल्पकता आहेच, पण मला तिची बांधणी जास्त महत्त्वाची वाटते. अ‍ॅप गिऱ्हाइकानं स्वतः घेतलं. जागा सांगायची परवानगी त्यानं समजून दिली. बदल्यात काय मिळणार ते त्याला आधीच ठाऊक होतं. आणि कंपनीला पाहिजे होतं ते एवढंच : हा फोन आत्ता कुंपणाच्या आत आहे की बाहेर? हो किंवा नाही. काल तो कुठे होता याच्याशी या सवलतीला काही देणंघेणं नव्हतं.

पैसे वाया कुठे जातात?

आता व्यवसायवाल्यांसाठी थोडं हिशेबाचं बोलू.

समजा तुमचं साड्यांचं दुकान दादरला रानडे रोडवर आहे आणि तुम्ही भोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलंत. त्या वर्तुळात दादर स्टेशन आलं. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेच्या गाड्यांत उभे असलेले लोक तुमच्या वर्तुळातून जाणार. विरारच्या गाडीत लोंबकळणाऱ्या माणसाला तुमची जाहिरात दिसली, तिचे पैसे तुमच्या खिशातून गेले, आणि तो उतरणार नव्हताच. लहान वर्तुळ म्हणजे आपोआप जवळचं गिऱ्हाईक, असं समजू नका. तो किती वेळ थांबला, कोणत्या वेळी होता, हे जास्त सांगून जातं. संध्याकाळी दुकानाच्या वेळेतच जाहिरात चालू ठेवणं हा साधा उपाय अनेकदा महागड्या डेटापेक्षा बरा पडतो.

दुसरं, एक सेटिंग. गुगलच्या जाहिरातीत तुम्ही 'सातारा' निवडता तेव्हा मूळ सेटिंगमध्ये साताऱ्यात असलेले लोक तर येतातच, शिवाय साताऱ्यात रस दाखवलेले लोकही येतात. म्हणजे दिल्लीत बसून कोणी कास पठाराची माहिती शोधली, तर तोही त्यात येऊ शकतो. तुमचं हॉटेल असेल तर हे उत्तमच, तो उद्याचा पाहुणा आहे. पण तुम्ही घरपोच डबा देत असाल तर दिल्लीवाल्याचा काय उपयोग? ते सेटिंग बदलून 'फक्त त्या जागी असलेले किंवा नेहमी असणारे' असं करता येतं. पुष्कळ जण ते उघडूनही बघत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तुम्हाला अहवाल येतो : जाहिरात बघितलेल्यांपैकी इतके लोक दुकानात आले. वाचून आनंद होतो. पण दुकानाच्या शेजारी राहणारा माणूस जाहिरात नसतानाही आला असता ना? तुम्ही जाहिरातच अशांना दाखवलीत जे आधीपासून जवळ आहेत. मग ते आले याचं श्रेय जाहिरातीचं की जवळ असण्याचं?

याची परीक्षा घ्यायची साधी पद्धत आहे. तुमच्या दोन शाखा आहेत, समजा एक साताऱ्याला, एक कराडला, आणि दोन्हींची विक्री एरवी साधारण एका चालीनं वरखाली होते. एक महिना फक्त कराडला जाहिरात करा. सातारा तसाच ठेवा. मग दोन्हींच्या गल्ल्यातला फरक बघा. मोठ्या कंपन्याही हीच पद्धत वापरतात, जास्त गावं घेऊन आणि संख्याशास्त्राची जोड देऊन. लक्षात घ्या, या परीक्षेत एकाही माणसाचा माग काढावा लागला नाही. गावाचा आकडा पुरला.

माणसाचा माग : दुसरी बाजू

आता कोणी म्हणेल, माग काढला तरी बिघडलं काय? त्यात नाव तर नसतं, नुसता क्रमांक असतो.

२०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ लाख माणसांच्या मोबाईलच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. जीपीएस नाही बरं का, फक्त कोणत्या तासाला कोणत्या टॉवरजवळ, एवढीच ढोबळ माहिती. त्यात असं दिसलं की एखाद्या माणसाच्या जागा-वेळेच्या फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर १०० पैकी ९५ माणसं गर्दीतून वेगळी काढता येतात. कारण साधं आहे. रात्री तुमच्या घरी आणि दिवसा तुमच्या कचेरीत असणारा फोन जगात बहुधा एकच असतो. नाव लिहिलेलं नसलं म्हणून काय झालं, पत्ता तर लिहिलेला आहे.

२०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या हाती अशीच एक फाइल आली. १ कोटी २० लाखांहून अधिक फोन, ५,००० कोटींच्या वर नोंदी. त्यात एकही नाव नव्हतं. तरी पत्रकारांनी त्यातली खरीखुरी माणसं ओळखून काढली.

आणि आता आपल्या देशाशी जोडलेलं उदाहरण. इनमोबी ही बंगळुरूची मोठी मोबाईल जाहिरात कंपनी. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर कारवाई केली. आरोप असा होता की ज्यांनी लोकेशनची परवानगी नाकारली होती, त्यांच्याही जागा कंपनी काढत होती. कशी? मघाशी सांगितलेल्या वायफायच्या मार्गानं. परवानगी दिलेल्या फोनवरून कोणता राउटर कुठे आहे ते शिकायचं, आणि परवानगी न दिलेल्या फोनला कोणता राउटर दिसतो यावरून त्याची जागा ओळखायची. तडजोडीत कंपनीनं ९ लाख ५० हजार डॉलर भरायचं मान्य केलं. म्हणजे शेजाऱ्यानं 'हो' म्हटलं, त्यात तुमचं 'नाही' वाहून गेलं.

जागेवरून काय काय कळतं याचा जरा विचार करा. दर आठवड्याला परळच्या टाटा रुग्णालयात थांबणारा फोन. आषाढात आळंदीहून पंढरपूरकडे सरकणारा फोन. एखाद्या पक्षाच्या सभेला, वकिलाच्या कचेरीत, नशामुक्ती केंद्रात, दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला गेलेला फोन. आजार, श्रद्धा, राजकारण, अडचण. यातलं काहीच त्या माणसानं कोणाला सांगितलेलं नाही. तो फक्त तिथे गेला.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना तिथून १८ महिने दिलेले आहेत.

या कायद्यात लोकेशनला वेगळा 'संवेदनशील' दर्जा नाही. पण काही गोष्टी कामाच्या आहेत. संमती मुक्त, ठरावीक कामापुरती आणि माहिती देऊन घेतलेली हवी. दिली तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतही. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग ठेवणं आणि त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणं यावर बंदी आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये.

दुकानदारांनो, यातलं एक तुमच्यासाठी. तुम्ही स्वतःचं अ‍ॅप काढून गिऱ्हाइकांचं लोकेशन घेतलंत, तर जबाबदारी तुमचीही आहे. डबा पोचवायला जागा घेतली तर ती डबा पोचवायलाच वापरायची. आणि डबा पोचल्यावर ठेवायची कशाला? जो डेटा जवळ नाही, तो चोरीला जात नाही.

म्हणून माझा सल्ला अगदी साधा आहे. आधी नकाशावर आपल्या दुकानाची नोंद नीट करा, ती फुकट आहे. पत्ता, वेळ, फोटो, सुटीचा दिवस. 'माझ्याजवळ' असं लिहून शोधणारा माणूस स्वतःहून विचारतोय, त्याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. मग गाव किंवा भाग निवडून जाहिरात करा, वेळ ठरवा, आणि परिणाम गल्ल्यावर मोजा. एवढं झाल्यावर कोणी लोकांच्या हालचालींची यादी विकायला आला, तर दोन प्रश्न विचारा : ही जागा कोणत्या मार्गानं काढली, आणि त्या माणसानं नेमकी कशाला संमती दिली होती? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे वाचले समजा.

श्रोत्यांचे प्रश्न

*लोकेशन बंद केलं की काम झालं का?*

बरंचसं होतं, सगळं नाही. आयपीवरून ढोबळ जागा कळतच राहते. तीन गोष्टी करा. एक, प्रत्येक अ‍ॅपची परवानगी तपासा आणि 'अ‍ॅप वापरतानाच' एवढीच ठेवा. टॉर्चच्या अ‍ॅपला जागा कशाला हवी? दोन, हवामानासारख्या अ‍ॅपला अंदाजे लोकेशन पुरतं. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून ही सोय आहे. तीन, अँड्रॉइडमध्ये जाहिरात क्रमांक काढून टाकता येतो. आयफोनमध्ये २०२१ पासून अ‍ॅपला माग ठेवण्याआधी विचारावं लागतं, तिथे 'नको' म्हणा.

*माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग मला काय फरक पडतो?*

तुमच्याकडे नसेल, काका. पण तुमच्या इमारतीत एखादी बाई मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लपून राहत असेल. एखादा माणूस खटल्यात साक्षीदार असेल. कोणी नोकरी शोधत असेल आणि साहेबाला कळू नये असं त्याला वाटत असेल. अशा याद्या विकत मिळायला लागल्या की त्या मिठाईवाल्यालाच मिळतील असं नाही. आणि दुसरं म्हणजे, लपवण्यासारखं काय आहे हे आपण आज ठरवतो. नोंद मात्र पुढे राहते.

*आमचं तालुक्याच्या गावी मिठाईचं दुकान आहे. आम्ही यातलं नेमकं काय करावं?*

गावातली माणसं तुम्हाला ओळखतातच, त्यांच्यावर जाहिरातीचा खर्च करू नका. आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरमधली गावं निवडा, दिवाळी, लग्नसराई आणि जत्रेच्या आधीचे दिवस धरा, आणि जाहिरातीत एक खूण द्या, 'ही जाहिरात दाखवा, पाव किलो चिवडा घ्या' अशी. काउंटरवर किती जणांनी दाखवली ते वहीत लिहा. कोण कुठून आलं हे त्यांना तोंडानं विचारा. लोक सांगतात. आणि विचारून मिळालेल्या माहितीत कोणाची फसवणूक नसते.